त्याला दिवस गेले

तर गेले सात-आठ महिने मी मराठीत ओमेगाव्हर्स लिहितेय. हो, बरोबर वाचलंत. ज्यांना माहितीये ते आत्ता खुर्चीत सावरून बसले असतील आणि ज्यांना माहीत नाही त्यांनी लगेच गुगल करायला जाऊ नका, ऑफिसात असाल तर मुळीच नको, मीच सांगते थोडक्यात.

हे असं जग असतं जिथे बाई-पुरुष याच्यावर अजून एक थर असतो, अल्फा, बीटा आणि ओमेगा. अल्फा म्हणजे दांडगे, बीटा म्हणजे तुमच्या-आमच्यासारखे, आणि ओमेगा म्हणजे ज्यांना दिवस जाऊ शकतात, मग तो पुरुष का असेना. अंगाचा वास, हीट, पांघरुणांचं घरटं करून बसणं, मानेवर चावून जोडी पक्की करणं, असा सगळा लांडग्यांचा मामला. २०१० च्या आसपास सुपरनॅचरल या अमेरिकन सिरीयलच्या फॅन मंडळींनी हे सुरू केलं, मग ते सगळ्या फॅन्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या गोतावळ्यांत पसरलं, जपानी मांगात, म्हणजे तिकडच्या चित्रकथांत गेलं, थायलंडमध्ये तर २०२३ मध्ये पिट बेब नावाची अख्खी सिरीज आली. मी वाचते ते आर्काइव्ह ऑफ अवर ओनवर, जिथे चाहते आपापल्या गोष्टी लिहून टाकतात, सगळं फुकट आणि सगळं व्हॉलंटियर लोक चालवतात, त्या साईटला २०१९ मध्ये ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथांच्या जगातलं मोठं अवॉर्ड मिळालं तेव्हा मी घरात एकटीच पेढा खाल्ला होता कारण कुणाला सांगणार आणि काय सांगणार.

गंमत म्हणजे ज्या लांडग्यांवरून हे सगळं उचललंय ते असे वागतच नाहीत. १९४७ मध्ये शेंकेल नावाच्या संशोधकाने पिंजऱ्यात कोंबलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या लांडग्यांची भांडणं बघितली आणि तिथून अल्फा प्रकरण आलं. पुढे डेव्हिड मेक यांनी १९७० मध्ये पुस्तक लिहून ते घरोघरी पोचवलं आणि मग १९९९ मध्ये स्वतःच पेपर लिहून सांगितलं की बाबांनो, जंगलातला कळप म्हणजे एक कुटुंब असतं, ज्यांना तुम्ही अल्फा म्हणताय ते त्या पिल्लांचे आईबाप आहेत, बास. हे वाचल्यापासून मला अल्फा शब्द लिहिताना जरा वेगळंच होतं, पण ते पुढे येईल.

मराठीत लिहायचं म्हटल्यावर पहिला दणका शब्दांचा बसला. हीटला काय म्हणणार? आमच्याकडे म्हैस माजावर येते. आता हिरो माजावर आला असं लिहिलं की रोमान्स संपला, शिवाय निम्म्या लोकांना वाटणार त्याला पैशाचा माज आलाय. सेंट म्हटलं की लग्नाला जाताना मारतात तो सेंट. गंध म्हटलं की कपाळावरचं. नुसतं वास म्हटलं तर 'त्याच्या वासाने तो कासावीस झाला' हे वाक्य मैत्रिणीला पाठवलं, तर ती बोलली याला आंघोळ घाल आधी. शेवटी मी हीट तशीच ठेवली आणि वासाला दरवळ केलं, त्यातल्या त्यात बरं वाटतं.

पण खरी अडचण व्याकरणाची. पोटुशी शब्द बाईलाच लागतो. बाळंतीण शब्दाला पुल्लिंग नाही. गरोदर चालतं पण ते सरकारी दवाखान्याच्या बोर्डावरचं वाटतं. आणि मग एका रात्री भांडी घासताना सुचलं की 'तिला दिवस गेले' यात बाई आहे फक्त त्या 'तिला'मध्ये, पुढचं सगळं मोकळं आहे. त्याला दिवस गेले. लिहून बघितलं तर काहीच खटकलं नाही, उलट असं वाटलं की आपल्या आज्ज्यांनी जागा करूनच ठेवली होती.

गोष्ट अशी की अनिकेत ओमेगा, रणजित अल्फा, चार वर्षांपूर्वी वेगळे झालेले. रणजितच्या आज्जीला हे कुणी सांगितलेलंच नाही, तिला सांगितलंय की अनिकेत पुण्याला नोकरीत अडकलाय म्हणून येत नाही. आता रणजितच्या बहिणीचं लग्न सांगलीत, आज्जी अठ्ठ्याऐंशीची, आणि ती धरून बसलीय की अनिकेत आल्याशिवाय मी कार्यालयात पाऊल टाकणार नाही. म्हणून रणजित चार वर्षांनी फोन करतो आणि म्हणतो, "चार दिवस ये की. आज्जीपुरतं." झालं आपलं प्रिटेंड डेटिंग, म्हणजे जोडपं असल्याचं नाटक. इंग्रजी गोष्टींमध्ये यासाठी करारबिरार करतात, नियम लिहून काढतात, आमच्याकडे आज्जी म्हटलं की विषय संपला.

इंग्रजीत अजून एक ठरलेली गोष्ट असते, हॉटेलात गेल्यावर खोलीत एकच बेड निघतो आणि मग पुढे काय ते. मी फार प्रयत्न केला पण मंगल कार्यालयात एकच बेड निघूच शकत नाही. तिथे हॉलभर गाद्या टाकलेल्या असतात आणि चौदा काका घोरत असतात. तर माझ्या दोघांना भिंतीकडेच्या दोन गाद्या मिळतात, मध्ये एक भाचा झोपलेला, आणि त्या भाच्याच्या डोक्यावरून एक पांघरूण दोघांच्यात इकडून तिकडे सरकत राहतं. ते चॅप्टर मला स्वतःला सगळ्यात आवडतं.

दुसऱ्या दिवशी ओटी. माझ्या जगात ओमेगाची ओटी भरतात, पुरुष असला तरी. पदर नाही म्हणून उपरण्याची दोन टोकं धरून ओंजळीसारखी झोळी करतो तो. मावशी तांदूळ घालते, मग सुपारी, हळकुंड, खारीक, बदाम, खण, आणि शेवटी नारळ. ओटीचा नारळ जड असतो, ज्यांनी घेतलाय त्यांना माहितीये, एकदम खाली खेचल्यासारखं होतं आणि हात आपोआप पोटाशी जातो. मावशी हळद-कुंकू लावते आणि सहज म्हणते, पुढच्या वर्षी दोघांचे तिघं होऊन या. अनिकेत हसतो. रणजित समोर जेवणाची ताटं मोजत असतो तो मोजायचा थांबतो. कारण तिघं ते होते. अकरा आठवडे.

इथपर्यंत मी दीड महिन्यात लिहिलं आणि मग तीन महिने फाईल उघडली नाही.

सांगते. २०१८ च्या पावसाळ्यात माझंही असंच झालं होतं, नववा आठवडा होता. आम्ही रीतीप्रमाणे तीन महिने कुणाला सांगायचं नाही म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे गेल्यावर पण कुणाला सांगता येईना, म्हणजे जे आलंय हेच माहीत नाही ते गेलं कसं सांगणार. सोनोग्राफीच्या खोलीत भिंतीवर तो बोर्ड असतो ना, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, मी तो बोर्ड त्या दिवशी किती वेळा वाचला देव जाणे कारण डॉक्टरांनी स्क्रीन हळूच स्वतःकडे वळवली होती आणि बघायला दुसरं काही नव्हतं. पोटावरचं जेल गार पडलेलं. मग त्या म्हणाल्या, ठोके नाहीयेत. मग म्हणाल्या, दहातल्या एक-दोघींचं होतं असं, बहुतेकदा क्रोमोसोममध्येच गडबड असते, तुम्ही काही केलं म्हणून नाही. चांगल्या होत्या त्या, खरं तर. पण मला त्या दहातल्या उरलेल्या आठ-नऊ जणींचा भयंकर राग आला, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

फाईलवर लिहिलं होतं मिस्ड अबॉर्शन. डॉक्टरी भाषेत आपोआप गेलं तरी अबॉर्शनच. ती फाईल टीव्हीखाली ठेवलेली, आत्येसासूबाई आल्या, त्यांनी चष्मा लावून वाचली आणि मला विचारलं, "पाडलंत होय? मुलगी होती का?"

मराठीतही तेच, गर्भपात म्हटलं की गेलेलं आणि काढलेलं एकाच पोत्यात. गोष्टीसाठी शब्द शोधताना मी सुश्रुतसंहितेपर्यंत जाऊन आले, तिथे भेद केलाय, चौथ्या महिन्यापर्यंत स्राव आणि पाचव्या-सहाव्यात पात. म्हणजे माझा तो स्राव. अनिकेतचा पण. मला नको तो शब्द, स्राव काय, नाकातून येतो तसा. घरातल्या बायका म्हणतात राहिलं नाही, टिकलं नाही, किंवा नुसतंच मान हलवून 'गेलं'. यातलं 'टिकलं नाही' तर मला दुधाबद्दल बोलल्यासारखं वाटतं.

आणि ऑफिसात मी काय सांगितलं माहितीये? फूड पॉयझनिंग. चार दिवस सिक लीव्ह घेतली, पाचव्या दिवशी पॅड बदलायला मीटिंगमधून उठत होते. पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट, १९६१ चा, त्याच्या कलम ९ मध्ये यासाठी सहा आठवड्यांची पगारी रजा लिहिलेली होती. सहा आठवडे! मला कुणी सांगितलं नाही पण मी पण कुठे कुणाला सांगितलं होतं.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या साईटवर वाचायला बसले की आधी फिल्टरमध्ये जाऊन एक्सक्लूडमध्ये मिसकॅरेज टाकायचे. तिथे मोठ्या चार वॉर्निंग ठरलेल्या आहेत, हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू वगैरे, पण हे त्या चारात येत नाही, ते लेखकाने आपणहून टॅगमध्ये लिहायचं. बहुतेक जण लिहितात, फार जपतात एकमेकांना तिथे. तर दोन वर्षं एक्सक्लूड आणि मग एका रात्री, का ते नाही सांगता येणार, मी तोच टॅग इन्क्लूडमध्ये टाकला. पहाटे चारपर्यंत वाचत होते. एकामागून एक पुरुष, सहा-सहा फुटी, कुणी पोलीस, कुणी हॉकी खेळणारा, बाथरूमच्या फरशीवर बसलेले, आणि त्यांना कुणी म्हणत नव्हतं की अजून वय आहे, पुढच्या वेळेस बघू, बायकांचं चालायचंच. पुरुषाच्या अंगात घडल्यावर ती घटना झाली. मला त्या सगळ्यांचा हेवा वाटला आणि मी रडले पण, नवरा शेजारी झोपला होता, त्याला कळू दिलं नाही.

नवऱ्याचं सांगायला हवं आता. त्या दिवशी मला दवाखान्यात ॲडमिट करून घेतल्यावर त्याला चिठ्ठी दिली, खाली मेडिकलमधून अमुक इंजेक्शन आणा. मेडिकल दवाखान्याच्या दारातच. तो पाऊण तासाने आला. तोवर मला आत घेऊन गेले होते. मी त्याला कधीच विचारलं नाही कुठे होतास आणि त्याने कधी सांगितलं नाही, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षं आम्ही काय राहत होतो म्हणता, प्रिटेंड डेटिंग काय घेऊन बसलात, आमचं प्रिटेंड लग्नच होतं. मुंजी, बारशी, सगळीकडे जोडीने, मॅचिंग कपडे, फोटोत त्याचा हात माझ्या खांद्यावर आणि फोटो झाला की लगेच काढलेला. वेगळे नाही झालो. पुढे हळूहळू बरं झालं, कसं ते धड आठवत नाही, लॉकडाऊनमध्ये एकत्र पत्ते खेळायला लागलो ते एक आठवतंय.

म्हणून फाईल बंद होती. कारण माझ्या गोष्टीतला रणजित पण ऐन वेळी निघून जातो, चिठ्ठी घेऊन. दुसरी संधी द्यायची तर तो कुठे गेला होता ते सांगावं लागतं आणि मला ते सुचतच नव्हतं. दारूच्या गुत्त्यावर पाठवून बघितलं, अपघात करून बघितला, आईचा फोन आणून बघितला. सगळं सिरीयलसारखं.

मागच्या रविवारी मी लॅपटॉप उघडाच ठेवून दळण आणायला गेले. परत आले तर नवरा वाचत बसलेला. त्याला हे ओमेगा-बिमेगा काही माहीत नाही. मी म्हटलं झालं, आता काय काय विचारणार हा. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "याला बाळ होणार होतं म्हणजे कसं काय?" मी म्हटलं, असतं तिथे तसं. बरं, म्हणाला. मग परत वर जाऊन तेच पान वाचलं त्याने.

"मेडिकल तर समोरच आहे ना," तो म्हणाला. "मग हा पाऊण तास कुठंय?"

मी पिठाचा डबा तसाच हातात धरून उभी. म्हटलं, ठरत नाहीये माझं.

"पार्किंगमध्ये," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघत. "इंजेक्शन घेऊन झालेलं असतं त्याचं. पैसे कमी पडले म्हणून सुट्टे आणायला गाडीच्या डिकीपाशी आला. आणि चावी लागत नव्हती. हात असा..." त्याने हात करून दाखवला. "इंजेक्शन बर्फाच्या पिशवीत दिलेलं, ते गार राहिलं पाहिजे म्हणून दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं. एका हाताने चावी लागत नव्हती. मग बसला तिथंच. वॉचमन येऊन म्हणाला साहेब गाडी काढा."

मी डबा खाली ठेवला. तो उठून चहा टाकायला गेला, आलं जरा जास्तच किसलं त्याने, चहा तिखट झाला होता.

ते मी जसंच्या तसं घातलंय गोष्टीत. फक्त ॲक्टिव्हाच्या जागी बुलेट केली, अल्फा आहे शेवटी. तर तो म्हणाला बुलेटला डिकी नसते. आता परत बदलायला बसलेय.