एसजीपीटी 27
सकाळी साडेआठला आयसीयूची लाल झाकणाची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली आणि हात थबकला. सिरम, म्हणजे रक्ताचा वर राहणारा पातळ भाग, हळदीच्या पाण्यासारखं पिवळंजर्द. काविळीत वाढणारं बिलिरुबिन 9.4 आलं, आणि लिव्हरच्या पेशी मरायला लागल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम एसजीपीटी मात्र 27. म्हणजे नॉर्मल.

एकोणीस वर्षांची मुलगी. चार दिवसांपूर्वी उंदीर मारायची पेस्ट खाल्लेली. त्यातल्या पिवळ्या फॉस्फरसने आधी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस पेशंट बरा वाटतो आणि नंतर लिव्हर खलास होऊ शकतं.

मशीनवर रिॲक्शन कर्व्ह, म्हणजे चाचणीचा आलेख, उघडला. एसजीपीटी मोजताना चाचणीच्या द्रावणातलं एनएडीएच हे रसायन किती वेगाने संपतंय ते 340 नॅनोमीटरच्या प्रकाशात बघतात. रेष वरून निघून एकसारखी उतरत यायला हवी. इथे ती सुरुवातीपासून तळाशी आडवी पडलेली. एन्झाइम इतकं प्रचंड, की मशीन मोजायला लागायच्या आत सगळं एनएडीएच संपलं होतं. उतारच उरला नाही, म्हणून आकडा लहान. 50 मायक्रोलिटर सिरम 950 सलाईनमध्ये घालून पुन्हा लावलं. 209 आलं. गुणिले 20, म्हणजे 4,180.

मग जुने रिपोर्ट काढले. आदल्या सकाळी 380, रात्री अकराला 31. रक्तातलं एसजीपीटी निम्मं व्हायलाच दोनेक दिवस लागतात. बारा-पंधरा तासांत ते 31 वर येईल कसं? मशीनचा फ्लॅग, म्हणजे आकडा तपासा असा इशारा, आला होता, नाइटच्या सहकाऱ्याने ‘ॲक्सेप्ट’ दाबलं. तो कामचुकार नाही, अख्ख्या लॅबला रात्री एकटाच असतो. पण असा फ्लॅग असताना आकडा छापू देणारं सॉफ्टवेअर लॅबमध्ये ठेवूच नये. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या पीटी चाचणीची निळी ट्यूब कमी भरली म्हणून परत गेली होती, ती पुन्हा आलीच नाही.

वर आयसीयूत फोन केला. डॉक्टर मॅडम क्षणभर गप्प झाल्या. “रात्री 31 होतं ना? मी घरच्यांना सांगितलं, लिव्हर सुधारतंय.”

तेवढ्यात खिडकीशी तिचे वडील आले. हातात तोच रात्रीचा कागद, चार घड्या घातलेला. “ताई, रिपोर्ट चांगला आलाय म्हणे. घरी कधी सोडतील?”

“काका, मॅडमनी वर बोलावलंय. आधी तिकडे जा,” एवढंच मी म्हणू शकले.

दुपारी तिला मुंबईला हलवलं. पुढचं लॅबपर्यंत पोचत नाही. ते दहा तास हातात असते तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

संध्याकाळी थांबून मशीनची महिन्याभराची मेमरी चाळली. तोच फ्लॅग असलेले, तसेच सोडून दिलेले आणखी तीन रिपोर्ट सापडले. दोन माझ्या ड्यूटीतले. सॅम्पल केव्हाच टाकून दिलेली.