पाहुण्याला कामाला लावणारी बिअर

नॉर्वेत शनिवारी संध्याकाळचे सहा वाजले की किराणा दुकानातल्या बिअरच्या कपाटावर पडदा ओढतात. रविवारी तर विषयच नाही. आणि ही बिअरसुद्धा जास्तीत जास्त 4.7 टक्क्यांची. त्याहून कडक काही हवं असेल तर विनमोनोपोल नावाच्या सरकारी दुकानात जायचं, ते आणखी लवकर बंद होतं. बर्गनला भाचीकडे उतरलो तो नेमका शनिवार होता, आणि नवऱ्याला ही सगळी माहिती सहा वाजून गेल्यावर मिळाली. "हा देश आहे की मुलींचं वसतिगृह?" असं म्हणून तो कोल्ड्रिंकच्या बाटल्या घेऊन परत आला.

भाची म्हणाली, "काका, दुकानातली सोडा हो. इथली खरी बिअर विकत मिळतच नाही."

ते खरं निघालं. नॉर्वेत घरी बिअर, वाईन, साइडर (म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेली दारू) करायला कायद्याची आडकाठी नाही. स्वतःपुरती, घरच्यांपुरती हवी तेवढी करा. विकायची मात्र नाही, आणि भट्टी लावून दारू गाळायची नाही. म्हणजे घरची बिअर प्यायची तर कोणीतरी घरी बोलवायला हवं. नॉर्वेजियन माणूस अनोळखी माणसाला घरी बोलवायला किती उत्सुक असतो, हे तिथे राहणाऱ्यांना विचारा. भाची तिथे कित्येक वर्षं राहते आहे. समोरच्या दारातल्या बाईचं नाव तिला दारावरच्या पाटीवरून माहीत आहे.

बर्गनमधले दिवस पावसात गेले. ब्रिगेन या जुन्या धक्क्यावरची लाकडी घरं देखणी आहेत, मासळीबाजारात भाव विचारू नयेत, छत्रीचा उपयोग नाही. झालं बर्गन.

मग आम्ही हार्डांगरला गेलो, कारण ऑक्टोबर होता आणि तिथल्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, दोन्ही काठांवर सफरचंदं लगडलेली होती. ही झाडं इथे तेराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या ख्रिस्ती साधूंनी आणली असं सांगतात. लोफ्टहूस गावाच्या वर त्यांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या अजून आहेत. इथल्या साइडरला 2009 पासून संरक्षित नाव आहे, आपल्या नाशिकच्या वाईनला किंवा हापूसला भौगोलिक मानांकन आहे तसं. हार्डांगरच्याच सफरचंदांचा रस हवा, बाहेरचा चालणार नाही. इथपर्यंत सगळं छान. पण आम्ही ज्या चवचाखणीला बसलो, तिथे बोटीतून एकदम सत्तर-ऐंशी माणसं उतरली, प्रत्येकापुढे बोटभर साइडरचे इवलेसे पेले मांडले गेले आणि एका तरुणाने पाठ केलेलं भाषण म्हटलं. माणशी दोन हजार रुपयांच्या वर पडले. साइडर चांगली होती, आंबटसर, कोरडी, शॅम्पेनच्या वळणाची. इथे खायचीच सफरचंदं साइडरला वापरतात, त्यामुळे तुरटपणा कमी आणि आंबटपणा जास्त. पण दुसरा पेला संपायच्या आत तिसऱ्याचं भाषण सुरू. पाणीपुरीवालासुद्धा याहून जास्त उसंत देतो. उल्विकला मात्र बरं वाटलं. ओलाव हाउगे हा मोठा कवी तिथलाच, जन्मभर स्वतःची सफरचंदाची बाग राखून राहिलेला. त्या गावात लोक हळू चालतात.

आता वॉस. यासाठीच लिहायला बसले आहे.

भाचीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील वॉसजवळच्या डोंगरउतारावर राहतात. शिडाच्या छत्र्या बांधून कड्यांवरून उड्या मारणाऱ्या लोकांमुळे वॉस हल्ली प्रसिद्ध आहे, पण त्या भागात बिअर घरी करायची परंपरा कधी तुटलीच नाही. यजमान वर्षातून दोनदा करतात: एकदा शरदात, एकदा नाताळासाठी. निरोप असा होता: "सकाळी सहाला या. जुने कपडे घाला." बस्स. "या हं नक्की", "जेवायलाच या" वगैरे काही नाही. बर्गनहून आगगाडीने सव्वा तास, म्हणून आदल्या रात्रीच वॉसला जाऊन राहिलो.

घरापासून वेगळी, दगडी जोत्याची एक काळीकुट्ट खोली. तिला एल्डहूस म्हणतात. आग, धूर, मोठी चूल यांचं सगळं काम घराला धोका नको म्हणून बाहेर. आत दीडशे लिटरची तांब्याची कढई लाकडावर चढलेली होती आणि तिच्यात पाण्याऐवजी जंगल उकळत होतं असं मला आधी वाटलं. ज्युनिपर नावाच्या सुईसारख्या पानांच्या झुडपाच्या फांद्या, पानांसकट, काहींना निळी-हिरवी फळं. ते पाणी तासाभरात पिवळसर सोनेरी होतं आणि खोलीभर राळेचा, ओल्या लाकडाचा वास भरतो. या भागात बिअरला साधं पाणी वापरतच नाहीत. याच कढत पाण्याने आधी लाकडी पिंपं धुतात, मग याच पाण्यात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भिजवतात.

यजमान सत्तरीच्या पुढचे. त्यांनी आमच्याशी हात मिळवला, नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड दिली आणि माझ्या हातात माझ्या उंचीचा लाकडी पळा. नवरा सरपण फोडायला गेला. मी पिंपात माल्ट ढवळायला लागले. पिंपाच्या तळाशीही ज्युनिपरच्याच फांद्या आडव्यातिडव्या रचलेल्या, गाळणी म्हणून. वरून ते सोनेरी पाणी ओतायचं, मी ढवळायचं, गुठळी राहू द्यायची नाही. गुठळी राहिली की यजमान पळ्याच्या टोकाकडे बोट दाखवत. बोलत नसत.

साडेदहापर्यंत मला कोणी चहा विचारला नाही. एवढी भूक लागली होती की माल्टचा गोड वास सहन होईना. आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला पाण्याचा तांब्या आधी, विषय नंतर. इथे विषयही नाही. मी भाचीला मराठीत म्हटलं, "यांना आपण नको आहोत का गं?" ती म्हणाली, "मावशी, नको असतं तर पळा दिला नसता."

मला ते तेव्हा पटलं नाही. अकराला यजमानीणबाई एका लाकडी फळीवर पापडासारखी पातळ कडक भाकरी, तपकिरी चीज आणि वाळवलेलं मेंढीचं मांस घेऊन आल्या, फळी खिडकीत ठेवली आणि गेल्या. वाढणं नाही, "अजून घ्या" नाही. ज्याला हवं त्याने चाकूने कापून घ्यायचं. तपकिरी चीज मला आवडलं, नवऱ्याला ते गोड पिठल्यासारखं लागलं. त्याने फ्रीझरमध्ये काय आहे असं विचारलं आणि उत्तर मिळालं: मेंढीची डोकी. वॉसमध्ये नाताळाआधी मेंढीचं अख्खं डोकं खारवून, धुरी देऊन, उकडून खातात. नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही.

मग आला सगळ्यात लांब भाग. माल्टमधून गाळलेला गोड रस कढईत परत, आणि उकळी. इतर बिअरवाले तासभर उकळतात. वॉसला तीन-चार तास. रस आटतो, गडद होतो, आधी मधाच्या रंगाचा आणि मग तांबूस तपकिरी. फार न भडकता एकसारखी उकळी राहावी म्हणून सरपण एकेक करून सरकवायचं, ते काम आता माझ्याकडे. हॉप्सच्या कडू फुलांची एक छोटी पुरचुंडी दोरीने बांधून सोडलेली, तेवढाच कडूपणा. चार तास चार माणसं एका चुलीभोवती बसली होती आणि एकूण वीसेक वाक्यं बोलली गेली. पहिला तास मला अवघड गेला. कोणी बोलत नसलं की मला वाटतं आपलंच काही चुकलं. दुसऱ्या तासाला मी लाकडं बघायला लागले. तिसऱ्या तासाला यजमानांनी आपणहून गोष्ट सांगितली.

पश्चिम नॉर्वेत जुन्या काळी गुलातिंगचा कायदा चालायचा. त्यात शेतकऱ्याने नाताळसाठी बिअर करणं सक्तीचं होतं, येशू आणि मेरीच्या नावाने. नाही केली तर दंड. ओळीने तीन वर्षं नाही केली तर घरदार जप्त. आणि रिवाज असा की ती 21 डिसेंबरला, संत थॉमसच्या दिवशी तयार पाहिजे. लाकडावर कोरलेल्या जुन्या दिनदर्शिकेत त्या दिवसापुढे पिंपाचं चित्र असे. हे ऐकून नवरा फार खूश झाला. आमच्या राज्यात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायलासुद्धा कागदोपत्री परवाना लागतो आणि घरी बिअर करणं सरळ गुन्हा आहे. इकडे न करणं गुन्हा होता. "जन्म चुकला," तो म्हणाला.

यीस्ट मात्र मला बघायचंच होतं, कारण भाचीने त्याचंच कौतुक सांगून आणलं होतं. त्याला क्वाइक म्हणतात. एल्डहूसच्या भिंतीवर बर्च लाकडाच्या लहान लहान तुकड्यांची, एकमेकांत अडकवलेली माळ लटकत होती, चांगली हातभर. पूर्वी बिअर आंबून झाली की ही माळ तळाच्या यीस्टमध्ये बुडवायची, बाहेर काढून वाळवायची आणि पुढच्या वेळेला तशीच नव्या रसात सोडायची. लाकडाच्या सांध्यांत पांढरट पिवळी पूड अजून दिसते. पण ती माळ आता शोभेची. खरं यीस्ट यजमानीणबाईंच्या फ्रिजमध्ये, जॅमच्या दोन बरण्यांच्या मधल्या बरणीत होतं, आणि वाळवलेल्या पापुद्र्यांची एक पुडी जास्तीची म्हणून मेंढीच्या डोक्यांशेजारी. एखाद्या वर्षी यीस्ट बिघडलं तर शेजाऱ्याकडून मागून आणायचं. शेजाऱ्याचं बिघडलं तर त्याने यांच्याकडून न्यायचं. अशी किती पिढ्या ती देवाणघेवाण चालली आहे. विरजणाची उपमा तुम्हाला सुचली असेलच. आम्हालाही सुचली, ती पुरे.

खरी गंमत तापमानाची आहे. एरवी अशा बिअरचं यीस्ट 18 ते 22 अंशांत ठेवावं लागतं, त्याहून गरम झालं की बिअरला वाईट वास मारतो. क्वाइक 39 अंशांना टाकतात. धारोष्ण दुधाइतकं, हे जुनं माप. यजमानांनी आधी बोट बुडवलं आणि मग थर्मामीटर, बहुधा आमच्यासाठी. या गरमीत ते चाळीसेक तासांत काम उरकतं. 2018 मध्ये संशोधकांनी या यीस्टांच्या जनुकांचा अभ्यास करून ती इतर बिअर-यीस्टांपासून वेगळं घराणं असल्याचं दाखवलं, आणि आता जगभरच्या घरी बिअर करणाऱ्यांना त्याच्या पुड्या विकत मिळतात. बर्फाच्या देशात उष्णता मागणारं यीस्ट टिकलं आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये ज्याची गरज, ते आपल्याकडे घरी वापरता येत नाही. 2009 मध्ये पुण्यात परवानाधारक मायक्रोब्रुअरी सुरू झाली, त्यानंतर ताजी बिअर मिळते, पण ती बिल देऊन.

काही गावांत यीस्ट टाकताना मोठ्याने ओरडायची रीत होती, भुतांनी बिअर नासवू नये म्हणून. यजमान ओरडले नाहीत. नवरा तयार होता.

संध्याकाळ झाली होती. कढई रिकामी, माल्टचा चोथा मेंढ्यांना, पिंपावर घोंगडी. मग कुठे यजमानीणबाई तळघरातून दोन गोष्टी घेऊन आल्या. एक, त्यांची स्वतःची साइडर: उल्विकच्या बहिणीकडची पडलेली, डागाळलेली सफरचंदं हाताच्या यंत्रात दळून, दाबून, काचेच्या मोठ्या बाटलीत तळघरातल्या गारव्यात हिवाळाभर ठेवलेली. थोडी गढूळ होती आणि त्या चवचाखणीच्या पाचही पेल्यांपेक्षा मला बरी लागली. दुसरी, आधीच्या खेपेची बिअर, दोन कानांच्या रंगवलेल्या लाकडी वाडग्यात. फेस जवळजवळ नाही. संत्र्याच्या सालीचा वास, मागून ज्युनिपर, आणि गोडसर चव फसवते. आठ टक्क्यांच्या आसपास असावी. एकच वाडगा. यजमान प्यायले, मला दिला, मी प्यायले, नवऱ्याला दिला. आई असती तर उष्टं म्हणून उठून गेली असती. मला तो वाडगा हातात आल्यावर पहिल्यांदा पाहुण्यासारखं वाटलं, आणि दिवसभर जे चाललं होतं तेही पाहुणचारच होता हे पळ्याने आलेले तळहातावरचे फोड बघून मान्य करावं लागलं. तरी माझं मत कायम आहे: साडेदहाला चहा विचारायला काही हरकत नव्हती.

आम्ही ढवळलेली बिअर आम्हाला काही प्यायला मिळाली नाही. ती तयार झाली तेव्हा आम्ही ऑस्लोच्या विमानतळावर सँडविचचे भाव बघून गप्प बसलो होतो. भाचीला मात्र बोलावणं आलं. चांगली झाली आहे, जरा गोडाकडे झुकते, म्हणाली. आणि यजमानांचा आमच्यासाठी निरोप होता: नाताळच्या खेपेला येणार असाल तर आदल्या दिवशी या, ज्युनिपर तोडून आणायला माणसं कमी पडतात.