वेंगुर्ल्याहून वर : सावंतवाडी आणि आंबोलीतले दोन दिवस

आम्हा वेंगुर्लेकरांसाठी सावंतवाडी हे बाजाराचे गाव. लग्नाचा बस्ता, बाळाचा पाळणा किंवा देवघरातला चौरंग आणायचा झाला की सकाळच्या एसटीने वाडीला जायचे आणि दिवेलागणीपूर्वी परत यायचे, एवढाच आमचा आणि त्या शहराचा संबंध. बाहेरून येणारे पर्यटक तर त्याहून कमी वेळ देतात. गोव्याला जाता जाता तळ्याकाठी चहा घेतात आणि पुढे निघतात. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशी उलटल्यावर मी आईला घेऊन दोन रात्री तिथे राहिलो, आणि इतकी वर्षे या शहराला आपण केवढा कमी वेळ दिला, हे लक्षात आले.

सावंतवाडी पाहायची तर मोती तलावापासून सुरुवात करावी. 1874 साली बांधलेला हा तलाव शहराच्या अगदी मधोमध आहे. एका बाजूला राजवाडा, दुसऱ्या बाजूला बाजार आणि पाठीशी नरेंद्र डोंगराची गर्द हिरवी भिंत अशी त्याची जागा आहे. सकाळी सहाच्या सुमारास काठाने एक फेरी मारावी. त्या वेळी पाण्यावर धुके असते, डोंगराचा माथा ढगात असतो, आणि फिरायला आलेली वयस्कर मंडळी मालवणीत एकमेकांची विचारपूस करीत असतात. याच तलावात गावातल्या गणपतींचे विसर्जन होते. आम्ही गेलो तेव्हा काठाच्या पायऱ्यांवर दूर्वांची एखादी सुकलेली जुडी अजून दिसत होती.

राजवाडा सावंतवाडी संस्थानचे राजे तिसरे खेमसावंत यांच्या काळातला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा तांबूस जांभा दगड पाहताना आईने आपल्या माहेरच्या विहिरीची आठवण काढली, कारण तीही याच दगडाची होती. खाणीतून काढताना जांभा मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो, त्यामुळे कोकणात गरिबाच्या घरापासून राजाच्या वाड्यापर्यंत सर्वांच्या भिंती या एकाच दगडाच्या झाल्या. वाड्यातल्या वस्तू पाहून घ्याव्यात, पण खरा वेळ राखून ठेवावा तो गंजिफा रंगवणाऱ्या कारागिरांसाठी.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण 120 पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, रामाच्या पानांवर बाण आणि आमच्या कोकणच्या परशुरामाच्या पानांवर परशू. खेळ तिघांत होतो. दिवसा खेळायला बसले तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने उतारी करायची आणि रात्री बसले तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्याने, हा नियम मला फार आवडला. पत्त्यांच्या डावाला सूर्याची वेळ जोडणारी माणसे किती निवांत असतील!

आम्ही पाहिले तेव्हा एक ताई मत्स्याचे सातवे पान रंगवीत होत्या. डाव्या हातात तळव्याएवढे गोल पान, उजव्या हातात जेमतेम काही केसांचा कुंचला. आधी पेन्सिलीची रेघ नाही, मोजमाप नाही. कुंचला टेकला, वळला आणि माशाची पाठ झाली; परत वळला आणि शेपटी झाली. सात मासे सारख्या अंतरावर उतरले, मग प्रत्येकाला एक-एक टिंब डोळा म्हणून दिला. डोळा देताना त्यांनी श्वास रोखून धरलेला मला स्पष्ट दिसला. ही कला विसाव्या शतकाच्या मध्यानंतर जवळजवळ संपली होती. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी हयात असलेल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि 1970च्या दशकात वाड्यातच तिला पुन्हा उभे केले. पूर्ण जोड महाग असतो, आणि त्यामागचे काम पाहिले की ती किंमत मुळीच जास्त वाटत नाही.

वाड्यापासून चालत गेले की चितारआळी लागते. इथे दुपारी जाऊ नये, कारण कोकणातला बाजार जेवणानंतर विश्रांती घेतो आणि बंद फळ्यांपुढून परतावे लागते. सकाळी किंवा चारनंतर जावे. आंबा, केळी, वांगी, सीताफळ अशी लाकडी फळे आणि भाज्या, भातुकली, भोवरे, पाट, पोळपाट यांनी दुकाने भरलेली असतात. एका दुकानाच्या मागच्या पडवीत चरक, म्हणजे लाकूड फिरवून कातायचे यंत्र, चालू होता. फिरत्या लाकडावर कारागिराने लाखेची रंगीत कांडी दाबली, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला बसली, आणि मग त्याने केवड्याची पात लावून तिला अशी चकाकी आणली की त्यात पडवीचा दिवा दिसू लागला. आईने लाकूड कोणते असे विचारले, तर तो म्हणाला, "काकी, ह्यो पांगारो. हलको आसता, म्हणान पोरांच्या हातात बरो." आईने त्याच्याकडून नातीसाठी भातुकली घेतली. तिच्या लहानपणी तिच्या वडिलांनी याच आळीतून तिला भातुकली आणली होती, हे तिने तेव्हा प्रथमच सांगितले.

मंगळवारी आठवडा बाजार भरतो. जमल्यास तो दिवस साधावा. जेवणासाठी घरगुती खानावळ शोधावी आणि भाकरी, काजूची उसळ, सोलकढी मागवावी.

दुसऱ्या दिवशी आम्ही आंबोलीची एसटी धरली. अंतर तीसेक किलोमीटर. हा रस्ता वेंगुर्ले बंदराला बेळगावशी जोडणारा, त्यामुळे इंग्रजांच्या काळात बंदरातून वर जाणारी फौज आणि माल याच घाटाने जात असे आणि आंबोली हा त्या वाटेवरचा मुक्काम होता. दाणोली मागे पडली की चढण सुरू होते. माडांची जागा उंच जंगल घेते, गाडीच्या खिडकीतून गार वारा येऊ लागतो, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आपण आंबोलीत पोहोचतो. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत हिची गणना होते. वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस इथे पडतो.

आषाढ-श्रावणातल्या सुट्टीच्या दिवशी घाटातल्या मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, आणि मागे राहिलेल्या बाटल्या व पिशव्या पाहून जीव तुटतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की पाऊस ओसरत आल्यावर यावे. धबधबे तेव्हाही वाहते असतात आणि दरडींची भीती कमी झालेली असते. गेळे गावच्या कावळेसाद पॉइंटवर उभे राहिले की खाली कोकणाची खोल दरी उघडते. भर पावसात वारा दरीतून इतक्या जोराने वर येतो की कड्यावरून पडणारे पाणी उलटे उडून अंगावर येते. तिथला कठडा कोणीही ओलांडू नये. नांगरतासही पाहावा; तास म्हणजे नांगराची चर, आणि काळ्या कातळाच्या अरुंद घळईत कोसळणारे ते पाणी पाहिले की नाव कसे पडले हे विचारावे लागत नाही.

हिरण्यकेशी नदीच्या उगमाला मात्र घाईने जाऊ नये. देवीच्या देवळाशी गुहेतून झरा बाहेर येतो, कुंडात साठतो आणि तिथून नदी होऊन निघतो. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाच्या नव्या जातीचे वर्णन 2020 साली प्रसिद्ध झाले. तिला नदीवरूनच शिस्टुरा हिरण्यकेशी असे नाव मिळाले, आणि 2021 मध्ये राज्य शासनाने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कुंडात पाय बुडवण्याऐवजी काठावर बसून पाहावे.

आई बराच वेळ तिथे बसली. मी तिला सांगितले की हे पाणी आपल्या वेंगुर्ल्याला येत नाही. घाटमाथ्याच्या पश्चिम कडेवर पडलेला पाऊस आपल्या समुद्राला मिळतो, पण ही नदी पूर्वेला वळून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. तिने ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "मगे हेका सांभाळून जा म्हणाक व्हया." मग पिशवीतली भातुकली पुन्हा एकदा चाचपून ती उठली, कारण खाली उतरणारी चारची एसटी आम्हाला गाठायची होती.