पडल्या म्हणून लगेच पुण्याला?

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट आहे, वयस्कर पेशंटना घरी जाऊन बघते. ही खानापूर तालुक्यातली केस, ऐन पावसाळ्यातली. आज्जी ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, आणि आठवड्यात दोनदा पडलेल्या. मुलगा पुण्याला. त्याने फोनवरच सांगून टाकलं की आता आईला एकटं ठेवणार नाही, घर बंद करून घेऊन जातो, तुम्ही फक्त तसा रिपोर्ट द्या.

अंघोळ, कपडे, संडास, जेवण, फॉर्ममधल्या सगळ्या प्रश्नांना आज्जींचं एकच उत्तर, "सगळं माझं मीच करतो की गे!" म्हाताऱ्या माणसाला कुणावर भार व्हायचं नसतं, त्यामुळे तोंडी विचारलं की 'जमतंय' असंच म्हणणार, म्हणून मी करून दाखवा म्हणते. आज्जींनी चहा केला, गॅस आठवणीने बंद केला, दुधाचा हिशोबही तोंडपाठ. मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालून परत येऊन बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका धरतात. उठल्या आणि पहिल्याच पावलाला भिंत धरली. "डोळ्यापुढं अंधारी येते जरा."

झोपवून बीपी घेतलं, उभं करून परत घेतलं, तर वरचा आकडा ३० ने खाली! २० उतरला तरी काळजीचं असतं. गोळ्या दाखवा म्हटलं. बिस्किटाच्या डब्यात दोन स्ट्रिप, एक निळी एक लाल, रोज सकाळी दोन्हीतली एकेक. औषध एकच, बीपी कमी करणारं ॲम्लोडिपिन, फक्त कंपन्या वेगळ्या. दुकानात जुनी कंपनी नव्हती म्हणून दुसरी दिली, आणि आज्जींना वाटलं डॉक्टरांनी गोळी वाढवली. तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी एक लगेच बंद करायला सांगितली.

संडास परसात, वाटेवरच्या फरशीवर शेवाळ, दिवा नाही. दोन्ही वेळा पडल्या त्या इथंच, पहाटे.

रिपोर्टमध्ये लिहिलं, एकट्या राहू शकतात, पण रात्री खोलीत कमोडची खुर्ची हवी, परसात बल्ब आणि धरायला पाइप हवा, फरशी घासून घ्यायची, आणि आठवड्याच्या गोळ्या शेजारची सून डबीत भरून देणार. मुलगा आधी चिडलाच. त्याची भीती खोटी नव्हती हो, लांब राहणाऱ्या पोराचा रात्री फोन वाजला की जीव कसा होतो ते मी रोज बघते. पण त्या दोन्ही स्ट्रिप आज्जींबरोबर पुण्याला गेल्या असत्या आणि आज्जी तिथल्या बाथरूममध्ये पडल्या असत्या, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पाइप कुठला घ्यायचा, स्टीलचा चालेल का?"