वॉर्मर म्हणतो 36.8

रात्रपाळीचा चार्ज घेत होते, तेवढ्यात नवी सिस्टर धावत आली. "ताई, कोपऱ्यातलं बाळ सारखं श्वास रोखतंय."

तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं, जेमतेम बाराशे ग्रॅमचं बाळ. डॉक्टर सरांनी इन्फेक्शनच्या तपासण्या लिहिल्या. बरोबरच होतं, इतक्या लहान बाळाचा श्वास अडखळला की आधी तीच शंका येते. वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या मशीनवर, त्याचं तापमान 36.8 अंश सेल्सिअस दिसत होतं, त्यामुळे तापमानाकडे कुणाचं लक्ष जायचं कारणच नव्हतं.

मी हात चोळून ऊबदार केले आणि उलट्या हाताने बाळाला चाचपलं. तळपाय गारठलेले. पोटही गार. काखेत थर्मामीटर धरला तर 35.4!

बाळाला पालथं करताना पोटावर चिकटवलेला, मशीनला तापमान कळवणारा प्रोब गादी आणि पोट यांच्यामध्ये दबला होता. तिथली ऊब मोजून मशीन खूश, हीटर आपला मंदावलेला. वर लंगोटही ओला.

या बाळांना थंडी वाजली तरी कुडकुडता येत नाही. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. ऊब टिकवायला ती साखर आणि ऑक्सिजन जाळतात, मग साखर उतरते, श्वास थांबतो. टाचेतून साखर तपासली, ती कमीच होती. सरांनी लगेच सलाइनमधून ग्लुकोज सुरू केलं. मी प्रोब पाठीवर नीट चिकटवला, लंगोट बदलला, टोपी-मोजे घातले आणि पंधरा-पंधरा मिनिटांनी काख तपासत बसले.

बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 हवं, हे आकडे परीक्षेत सगळ्याजणी बिनचूक लिहितात. पण एक्स-रेची गार प्लेट थेट बाळाखाली सरकवणारे, वजनकाट्यावर कापड न घालता बाळ ठेवणारे हात मी पुष्कळ पाहिलेत. तिथे पाठांतर कामाला येत नाही.

पहाटे काख 36.6 झाली. बाळ स्थिरावलं, तसं सरांना विचारून कांगारू केअर द्यायचं, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब द्यायची, असं ठरवलं. आईचं सिझर झालेलं, तिला उठवत नव्हतं, म्हणून वडिलांना बोलावलं. "मला जमेल का हो सिस्टर?" म्हणत ते शर्टाची बटणं काढतच खुर्चीत बसले. छातीवर बाळ उभं धरून बांधलं. तासाभराने पाहिलं तर तळपाय गुलाबी.

इन्फेक्शनसाठी केलेलं कल्चर निगेटिव्ह आलं, म्हणजे जंतू सापडले नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे चार्ज देताना वॉर्मरवरचा आकडा नुसता वाचून दाखवलेला चालत नाही. काखेतलं तापमान आणि प्रोबची जागा दोघींनी मिळून बघायची.