तास सरळ धर

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की आमच्या परभणीकडं अजूनही कुठंकुठं पेरणीची बैलाची तिफण दिसते. ट्रॅक्टर आलेत, पण चिंचोळ्या रानात त्याला वळायला जागा नसते. चाड्यावरच्या मुठीतून दाणे सुटतात, नळ्यांतून उतरतात आणि तीन फणांमागं मातीआड होतात. एका फेरीत तीन समांतर रेषा, म्हणजे तीन तास. पुढची फेरी मागच्या कडेच्या तासाला धरून मारायची, म्हणून सगळी भिस्त पहिल्या फेरीवर. ती वाकली की रान शेवटपर्यंत वाकडं, आणि पुढं तण काढायला कोळपं धरलं की तणाबरोबर सोयाबीनही कापलं जातं.

नवख्या पोराला आबा ओरडतात, "बैलाकडं काय बघायलास? पल्याडच्या बाभळीकडं बघ की!"

युक्लिडचं पहिलंच गृहीतक हे. कोणत्याही दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते. एक बिंदू पायाखाली, दुसरा बाभूळ. मात्र मधली ढेकळं, आणि डावा बैल उजव्यापेक्षा चपळ असेल तर काय, यावर युक्लिड गप्प.

तिथं न्यूटन कामाला येतो. बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगानं सरळ रेषेत चालत राहते, असं त्यानं 1687 साली छापून ठेवलं. म्हणजे सरळ जायला कारण लागत नाही, वळायला लागतं. तिफणीचं रुमणं, म्हणजे मूठ, धरलेल्या माणसाला हे पटणार नाही. त्याचा तर सरळ जाण्यातच जीव निघतो. पण न्यूटन खोटा नाही. रानात प्रत्येक ढेकूळ आपापलं बल लावतं, आणि हा गडी दिवसभर त्यांची वजाबाकी करत असतो.

तरी सरळ तासाचं कौतुक मला बेतानंच आहे. उताराच्या दिशेनं पेरलं तर तेच तास पाण्याची वाट होतात, आणि पाणी माती घेऊन ओढ्याला लागतं. उताराला आडवं पेरलं तर तास न् तास पाणी अडवतं. आमच्याकडं एक तर धो धो, नाही तर पंधरा-पंधरा दिवस उघडीप; अडलेलं पाणी सोन्याचं. आता उतार काही पट्टी लावून केलेला नसतो, त्यामुळं हे आडवे तास जमिनीबरोबर थोडे वळतात. वळू द्यावेत.

हे शेतकऱ्याला कळत नाही असं नाही. घोडं पेंड खातं ते वाटणीत. वरचं मुरमाड आणि खालचं भारी रान दोघा भावांना सारखं यावं म्हणून धुरा, म्हणजे मधला बांध, वरून खाली ओढतात. न्याय झाला, पण रान लांबच लांब आणि रुंदी वीस-पंचवीस पावलं. त्यात आडवं पेरायचं तर तिफण टेकवली की लगेच उचलून बैल वळवायचे. बैलही कंटाळतात.

धुरा मोडून दोघांनी मिळून आडवं पेरा, असं कुणी सुचवलं की दोघं भाऊ एकदमच उठतात आणि चहा सांगतात.