प्यूजो उतरवून सीआरडीई: जुन्या महिंद्रा पिकअपच्या कामाची नोंद

आजची स्थिती आधी. इंजिन आणि गिअरबॉक्स चासिसवर पक्के बसलेत. वायरिंग पूर्ण झालंय आणि इंजिन आवारात स्टार्ट होऊन गरम होईपर्यंत चालतंय. मागचं हौसिंग (डिफरेन्शियलसकट मागचा अ‍ॅक्सल), ब्रेक, प्रॉपेलरचं (गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंतच्या फिरत्या दांड्याचं) बॅलन्सिंग आणि कागदपत्रं बाकी आहेत. गाडी ऐंशीच्या दशकातली, टू-व्हील ड्राइव्ह, पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि कमान पाटे. मूळ इंजिन प्यूजोचं एक्सडीपी 4.90. बोअर 90 मिमी, स्ट्रोक 83, म्हणजे 2112 सीसी. ताकद 62 हॉर्सपॉवरच्या आसपास, टॉर्क साधारण 120 न्यूटन-मीटर. त्याच्या जागी महिंद्राच्याच जुन्या थार जीपचं 2.5 लिटरचं सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिन) घेतलंय: 2498 सीसी, 105 बीएचपी, 247 न्यूटन-मीटर. टॉर्क दुप्पट झालाय हा आकडा डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा. जुनी गाडी कुठेकुठे कमी पडणार ते त्यावरूनच ठरतं.

एमहॉक (महिंद्राचंच जास्त ताकदीचं डिझेल इंजिन) का नाही, हे नेहमी विचारलं जातं. ताकद जास्त मिळते हे खरं, पण पिकअपच्या मागच्या हौसिंगला ती पेलत नाही, आणि 105 मध्येच द्राक्षांचे क्रेट भरलेली गाडी घाटात निवांत चढायला हवी. नाशिकमध्ये या कामाला एक मोठी सोय आहे. महिंद्राचा कारखाना सातपूरला आणि इंजिनांचा इगतपुरीला, त्यामुळे सातपूर-अंबडच्या शेडमध्ये ही इंजिनं हातावर असलेली माणसं सापडतात. लेझर कटिंग आणि लेथचं कामही त्याच गल्लीत होतं.

डोनर, म्हणजे जिचे भाग काढून घ्यायचे ती गाडी, घेताना नुसतं इंजिन घेऊ नका. इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), त्याच गाडीची किल्ली, इमोबिलायझरचा (किल्ली ओळखणारा) डबा, पूर्ण इंजिन हार्नेस (तारांचा जुडगा), अ‍ॅक्सिलरेटर पेडल, ब्रेक आणि क्लचचे स्विच, इंटरकूलर, रेडिएटर, फॅनचं श्राउड (भोवतीचं आवरण), डिझेल फिल्टरची असेंब्ली, गिअरबॉक्स आणि शक्य असल्यास मागचं हौसिंग, हे सगळं एकाच गाडीचं असावं. किल्ली आणि इसीयू एकमेकांना ओळखत नसतील तर सेल्फ फिरतो, इंजिन उठत नाही, आणि मग नवीन कोडिंगचा खर्च इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करायला लागतो. स्वस्तात मिळालं म्हणून कापलेला हार्नेस घेणं तर सरळ टाळा. तीनचार इंचांवर कापलेल्या पन्नासेक तारा रंगांवरून जुळवणं म्हणजे शुद्ध छळ.

फाउंडेशन आणि चेंबर

पहिली खरी अडचण चेंबरची, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याची, निघते. थारचं सीआरडीई पुढच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनसाठी आहे, टॉर्शन बार वगैरे. त्याचं ऑइल चेंबर सरळ अ‍ॅक्सलचा विचार करून बनलेलंच नाही. इंजिन जागेवर धरून पुढचे पाटे बंप रबरला टेकेपर्यंत दाबले की अ‍ॅक्सल चेंबरला लागतो. इंजिन वर उचललं तर बॉनेट बसत नाही, मागे सरकवलं तर फायरवॉल कापावी लागते. इथे चेंबरच बदललाय: पुढचा भाग उथळ केला आणि तेवढं ऑइल मागच्या बाजूला वाढवून दिलं. पूर्ण दाबलेल्या स्थितीत अ‍ॅक्सल आणि चेंबर यांत किमान 30 मिमी अंतर हवं. खराब रस्त्यावर रबर फाउंडेशनवर (इंजिन ज्यावर बसतं त्या रबरांवर) इंजिनही हलतं, हे लोक विसरतात.

चेंबर कापला की ऑइल स्ट्रेनरही (ऑइल ओढणारी जाळी) हलवावा लागतो. स्ट्रेनरचं तोंड तळापासून साधारण 10 मिमीवर ठेवलंय. तळाला चिकटलं तर ऑइल ओढत नाही आणि फार वर राहिलं तर चढावर हवा ओढतं. वेल्डिंग झाल्यावर गळतीची जुनी परीक्षा घ्या: बाहेरून वेल्डवर चुन्याचा पातळ हात मारून वाळवा, आत रॉकेल भरून रात्रभर ठेवा. जिथे सुईच्या टोकाएवढं भोक आहे तिथे चुन्यावर काळपट डाग उमटतो. या चेंबरच्या एका कोपऱ्यात असा डाग आलाच, दोन वेल्ड जिथे भेटतात तिथे. दुसरं म्हणजे डिपस्टिक. जुन्या खुणा आता निरर्थक आहेत. मोजून ऑइल ओतून नव्याने खूण करा.

फाउंडेशनचे ब्रॅकेट 6 मिमी पत्र्याचे, चासिसच्या उभ्या भिंतीवर एम12 च्या 10.9 ग्रेड बोल्टने. चासिसच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना भोकं पाडू नका आणि आडवं वेल्ड मारू नका, तडा तिथूनच सुरू होतो. वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा आणि इसीयूचे सॉकेटही काढून ठेवा.

गिअरबॉक्सची शेपटी साधारण 3 अंश खाली. महत्त्वाचं हे की हौसिंगच्या पिनियनचा (प्रॉपेलर ज्याला जोडतो त्या दात्याचा) कोन त्याच्याशी समांतर हवा, प्रॉपेलरच्या दोन्ही क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन एक अंशाच्या आत जुळायला हवेत. ते जुळले नाहीत तर ठरावीक वेगाला तळाशी घरघर येते आणि लोक उगाच गिअरबॉक्स खोलतात. प्रॉपेलर कापून लहान केल्यावर दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना ते बघूनच वेल्ड, मग बॅलन्सिंग. स्प्लाइन (प्रॉपेलरचा सरकणारा सांधा) पूर्ण आत जाण्याआधी 25 मिमी तरी मोकळी राहायला हवी.

जुना चारस्पीड गिअरबॉक्स अ‍ॅडाप्टर प्लेट लावून वापरायचा विचार सोडून द्या. 120 साठी बनलेल्या दात्यांवर 247 टाकले तर लोड घेताना पहिला-दुसरा गिअर जातोच.

हौसिंग

जुन्या क्राउनवर (हौसिंगमधल्या मोठ्या दातेरी चकतीवर) 43-8 कोरलेलं आहे, म्हणजे 43 भागिले 8, 5.38: चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलरचे इतके फेरे. टायर 6.00-16, एका फेऱ्यात साधारण 2.25 मीटर. ताशी 80 ला चाक मिनिटाला सुमारे 592 फेरे घेतं. त्यामुळे सरळ गिअरमध्ये (इंजिन आणि प्रॉपेलर एकाच वेगाने) इंजिन 3200 आरपीएमच्या जवळ जातं. पाचवा गिअर 0.85 धरला तरी 2700. या इंजिनाचा टॉर्क 1800 ते 2000 मध्ये आहे, त्यामुळे 5.38 वर डिझेल आणि कान दोन्ही जातात. 4.27 घातला तर पाचव्यात 80 ला 2150 येतात, जिथे इंजिनाला हवं तिथेच. म्हणून डोनरचं हौसिंग बसवायचं, रुंदी मोजून पाट्यांचे पॅड नव्याने वेल्ड करून. पॅड वेल्ड करताना पिनियनचा कोन गाडी रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही स्थितींत तपासा. द्राक्षांचे क्रेट भरल्यावर मागचे पाटे बसतात आणि कोन बदलतो.

ब्रेकचं थोडक्यात: जुनी एकाच सर्किटची लाइन आणि बूस्टर नसलेलं पेडल या ताकदीला चालणार नाही. टँडम (दोन सर्किटचा) मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टर हवाच. व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपावरून येतो, डिझेलच्या मॅनिफोल्डमधून मिळत नाही. लाइनमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह न विसरता.

डिझेल लाइन

इथे सगळ्यात जास्त गाड्या अडकतात. जुन्या प्यूजोच्या पंपाला थोडा गंज, थोडी हवा चालून जायची. कॉमन रेल (जास्त दाबाच्या एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या नोजलना डिझेल देणारी पद्धत) मात्र माफ करत नाही. टाकी आतून स्वच्छ करणं, गंज असेल तर टाकीच बदलणं आणि फिल्टरच्या खाली पाणी काढायचा कॉक हे आलंच. गॅल्व्हनाइज्ड टाकी किंवा पाइप वापरू नका. जस्त डिझेलमध्ये विरघळतं आणि नोजलच्या टोकावर साठतं. तांब्याच्या नळ्याही नकोत. सप्लाय लाइन आतून 8 मिमी, रिटर्नही स्वतंत्र, थेट टाकीत. जुन्या टाकीला रिटर्नचं तोंड बारीक असतं, ते मोठं करावं लागतं, आणि ते सप्लायच्या तोंडापासून लांब ठेवायचं. गरम, फेसाळ डिझेल लगेच परत ओढलं गेलं की रेलचा दाब डोलायला लागतो.

हवा तपासायला फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. सेल्फ मारताना बुडबुडे दिसले तर पंपाला दोष देऊ नका. क्लॅम्प, फिल्टरचं सील, टाकीतला उभा पाइप हे आधी बघा. इंजिन दोन मिनिटं चालून बंद पडत असेल आणि स्कॅनरवर पी0087 (रेलचा दाब कमी) हा कोड येत असेल, तर दहातल्या आठ वेळा हाच मामला.

प्यूजोवर हात बसलेल्यांनी एक सवय मोडलीच पाहिजे: नोजलचा नट ढिला करून हवा काढण्याची. रेलमध्ये चालू इंजिनात हजार बारच्या पुढे दाब असतो. ती धार दिसत नाही, कातडीत शिरते आणि हात जातो. हवा फक्त फिल्टरच्या हातपंपानेच काढायची.

वायरिंग

लागणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: बॅटरीचा कायमचा करंट, किल्लीनंतरचा करंट, मेन रिले, हीटर प्लगचा रिले, चेक इंजिन दिवा, पेडल, ब्रेक आणि क्लचचे स्विच, वेगाचा सिग्नल, आणि 16 पिनांचं स्कॅनर सॉकेट. सॉकेटला 16 वर बॅटरी, 4 आणि 5 वर अर्थ. बाकी एसी, पॉवर विंडो, एअरबॅगच्या तारा हार्नेसमधून काढून टाका, पण टोकं झाकून, लेबल लावून.

पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण निम्मं. तारा लांबवताना सोल्डर करून हीट श्रिंक घाला. नुसत्या पिळ्यावर टेप मारली की पी2138 (पेडलचे दोन सेन्सर जुळत नाहीत) येतो आणि गाडी रांगायला लागते. ब्रेकच्या स्विचला दोन कॉन्टॅक्ट असतात, एक जोडून काम भागत नाही.

अर्थ हा आमचा आवडता विषय. बॅटरी ते इंजिन ब्लॉक 35 चौरस मिमीची जाड केबल, ब्लॉक ते चासिस वेगळी पट्टी, इसीयूचे अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. सेल्फ फिरत असताना मीटरची एक टोकणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी ब्लॉकवर लावा. 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट, वर ग्रीस. इसीयू केबिनमध्ये डॅशखाली ठेवलाय. इगतपुरीकडचा पाऊस बॉनेटखालचं सॉकेट हमखास शोधून काढतो.

पहिला स्टार्ट

टर्बोच्या तोंडात थोडं ऑइल ओतलं, मेन रिले काढून ठेवला आणि ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ फिरवला, सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मग रिले बसवून हातपंप कडक होईपर्यंत दाबला. स्कॅनरवर रेल प्रेशर बघा: सेल्फवर साधारण 200 बार चढल्याशिवाय इसीयू नोजल उघडत नाही. दाब चढतोय पण इंजिन उठत नाही, तर क्रँक आणि कॅम सेन्सर बघा, पी0335 किंवा पी0340. टर्बोची ऑइल रिटर्न नळी सरळ उतारावर हवी. कुठे वाकून वर गेली तर ऑइल सीलमधून सायलेन्सरमध्ये येतं, निळा धूर निघतो आणि लोक टर्बो बदलतात.

रेडिएटर डोनरचाच, समोर इंटरकूलर. फॅनची पाती श्राउडमध्ये निम्मी आत, रेडिएटरपासून 30 मिमी. एक्स्पान्शन टाकीचं झाकण सगळ्यात उंच ठेवा. हीटर वापरायचा नसेल तरी त्याच्या दोन नळ्या बंद करू नका, एकमेकींना जोडा. श्राउड नसेल तर एप्रिलच्या नाशिकमध्ये ट्रॅफिकमध्येच काटा वर जातो.

कागदपत्रं

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. इंजिन बदलायला नोंदणी प्राधिकरणाची मंजुरी लागते, म्हणजे इथे पेठ रोडच्या आरटीओची. कंपनी तीच आहे म्हणून आपोआप चालतं हा गैरसमज आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये परवानगीशिवायच्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा दोन्ही आहेत. विम्याचा प्रश्न त्याहून मोठा, कारण अपघातात कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघते. डोनरचं बिल, त्याच्या इंजिन नंबरचा पुरावा आणि ती गाडी भंगारात निघाल्याची नोंद जपून ठेवा. शक्यतो अर्ज कापाकापीच्या आधी करा. या गाडीचा अर्ज गेलाय. मंजुरी येईपर्यंत ती आवाराबाहेर जाणार नाही.

पुढचं काम: हौसिंगचे पॅड, मग बूस्टर. मंजुरी आल्यावर रिकाम्या गाडीवर कूलंटचं तापमान आणि रेल प्रेशर नोंदवायचं, त्यानंतर भरून कसारा घाट. नोजलची रिटर्न तपासणी त्याआधी, चारही नळ्या चार बाटल्यांत सोडून. एखादी बाटली इतरांपेक्षा ठळकपणे जास्त भरली तर ती नोजल काढायची.